आपाच्या खोलीचं दार

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत डबल काचेची जेवढी म्हणून दारं-खिडक्या आहेत, त्यांतली निम्मी माझ्या हातून दुरुस्त झालीत आणि उरलेली निम्मी मला फाटकात बघितलं की आपणहून दुरुस्त होतात. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. गिऱ्हाईक हसतं, चहाचं आधण ठेवतं, आणि तेवढ्यात मी हँडलचा ढिला स्क्रू आवळून घेतो. आमच्या धंद्यात अर्धं काम पान्याचं, अर्धं तोंडाचं.

आमचा बाप माधवनगरच्या कापडगिरणीत फिटर होता. गिरणी गेली, मग त्यानं ट्रंकांची नि कपाटांची कुलपं दुरुस्त केली. मी त्याच्या पुढं गेलो. आता कोरेगावात, रहिमतपुरात, विट्यात फौजी लोक निवृत्त होऊन येतात आणि बंगला बांधतात. लडाखच्या बर्फात साहेबाच्या ऑफिसला डबल काचेची खिडकी बघितलेली असते, ती त्यांना उसाच्या शेतात पाहिजे असते. थंडी कुठली आलीय आमच्याकडं? पण गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर ठणाणा गाणी लावून जातात, तेव्हा तीच खिडकी लावली की घर असं गप होतं की भिंतीवरची पाल चुकचुकली तर माणूस दचकतो. दोन काचा, मधे कोंडलेली हवा. आत बॉम्ब फुटला तरी बाहेर चहा पिणाऱ्याच्या कपात लाट येणार नाही, असं मी सांगायचो. आता सांगत नाही.

या दारांचं कुलूप साधं नसतं. हँडल वर ओढलं की वर, मधे, खाली अशा तीन ठिकाणी पोलादी हूक चौकटीतल्या खाचांत शिरतात. तिघांना हलवणारा एक गिअर असतो, काडेपेटीएवढा. दार उन्हानं फुगलं किंवा बिजागरीवर उतरलं की हूक खाचेसमोर येत नाहीत, माणूस हँडलवर जोर काढतो आणि गिअरचे दात जातात. दार उघडं असताना दात गेले तर नशीब. बंद असताना गेले तर हँडल नुसतं गरागरा फिरतं आणि दार जागचं हलत नाही.

माझी थोरली बहीण, आपा. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो आणि आपा चौदाची. मला तिनंच वाढवलं. जन्मातली पहिली थाप मी तिलाच मारली. पाटी विहिरीत टाकून आलो आणि सांगितलं, शाळेत हत्ती आला हुता, त्यानं पाटी खाल्ली.

आपानं भाकरी थापता थापता विचारलं, "आनि लेखणी?"

"लेखणीनं त्यो दात कोरत हुता."

आपा अशी हसली की तव्यावरची भाकरी करपली. बापानं मला बदडलं ते वेगळं. पण तेव्हा मला कळलं की आपल्याला जगात काय येतं. लोक माझ्या थापांना हसतात, पण थाप ओळखून हसतात. आपा तशी नव्हती. ती आत शिरायची. हत्ती बसला कुठं, मास्तर पळाले का, सगळं विचारायची. पुढं साठी गाठेपर्यंत मी जे जे खोटं बोललो ते आधी आपाला सांगून बघितलं. ती हसली तरच ते बाहेर काढायचं.

तिला दिली कोयनानगरला. मेहुणे धरणाच्या कामावर होते आणि कॉलनीच्या वरच्या अंगाला त्यांचं स्वतःचं दोन खोल्यांचं घर होतं. आमच्या घरात उर्दू-मराठीची मिसळ चालते, पण आपा तिकडं राहून पक्की डोंगरातली मराठी बोलायला लागली. आणि तिकडची एक सवय तिच्या हाडात गेली. त्या घरात दाराला कडी लावत नाहीत.

मोठा भूकंप झाला तो आपाच्या लग्नाआधी. तिच्या सासूची जाऊ तेव्हा आतल्या खोलीत होती. भिंत पडली नाही, छप्पर पडलं नाही, नुसती चौकट तिरकी झाली आणि कडी कोयंड्यात आवळून बसली. बाहेरून चार जण दार ओढत होते, आतून ती ओढत होती. मग दुसरा हादरा आला आणि वरचं आढं खाली आलं. तेव्हापासून त्या घरात झोपताना दार नुसतं लोटतात आणि आतून वरवंटा टेकवतात. वाऱ्यानं उघडत नाही, माणसानं ढकललं की वरवंटा गडगडतो. सून आली की सासू तिला आधी हे शिकवायची, मग मीठ-मसाल्याचे डबे दाखवायची.

आम्ही सांगलीची माणसं उलटी. धरणातनं पाणी सुटलं की ते आमच्याकडं येतं, म्हणून आम्हाला दार घट्ट पाहिजे. पाण्याला भ्यालेला माणूस दार लावून माळ्यावर चढतो, जमिनीला भ्यालेला दार उघडून बाहेर पळतो. हे वाक्य मी गिऱ्हाइकांना कितीदा ऐकवलं असेल. वाक्य सुचलं, अक्कल मात्र आली नाही.

मेहुणे गेले. मूलबाळ नव्हतं. आपाला मी माधवनगरला घेऊन आलो. परड्यात तिच्यासाठी एक खोली बांधली आणि माझं सगळं वैभव तिथं लावलं. खिडकी एका बंगल्याच्या जिन्यातली, न उघडणारी, पण काच अशी की दुपारी सुद्धा ऊन गार पडावं. आणि दार एका डॉक्टरच्या बंगल्यातलं, निळसर झाक असलेलं, त्यांना रंग पसंत पडला नाही म्हणून काढलेलं. असं दार कलेक्टरला मिळत नाही असं मी आपाला सांगितलं.

"कलेक्टर मग काय करतोय?"

"पडदा लावून झोपतोय बिचारा."

ती हसली. मला वाटलं, आता ही जन्मभर इथंच राहते. माझं एवढंच मागणं होतं. तिनं मला सांभाळलं होतं, आता तिनं माझ्या परड्यात तुळशीला नाहीतर गुलाबाला, ज्याला वाटेल त्याला पाणी घालत बसावं.

पण चार दिवसांत ते दार बिघडलं. हूक खाचेत बसेनात. मी बिजागरी उचलली, खाचा सरकवल्या, बसलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मी गिअर बदलला. पुन्हा तेच. माधवनगरच्या उन्हाला शिव्या दिल्या, कंपनीला दिल्या. आपा बाजेवर बसून बघायची.

"लय हट्टी दिसतंय रं दार."

"आपा, माझ्यापुढं दिल्लीच्या तिजोऱ्या रडल्यात."

बायको ओट्यावरून म्हणाली, "आवं, मग ह्या दाराला बी जरा रडवा की. सकाळपास्नं तिथंच हाय तुमी."

शेवटी मी चौकटीच्या खाचांवरची पट्टीच काढली. आत कापड निघालं. जुन्या साडीचे तीन तुकडे, घडी करून बरोबर खाचेच्या मापाचे, आणि त्यांच्या कडा दुमडून बारीक टीप घातलेली. दोरे सुटून हुकात अडकू नयेत म्हणून. एवढी नीट दुरुस्ती मी आयुष्यात केली नव्हती.

मी हसत सुटलो. आपा हसली नाही. "राहू दे की रं तसंच. नुस्तं लोटून घेते मी."

तिथं थांबायला पाहिजे होतं. पण लॉकवाल्याच्या घरात कुलूप न लागणारं दार? गिऱ्हाईक घरी येतं, बघतं. मला ती पैज वाटली, बहीणभावांतली. बायको म्हणाली, "आपांना न्हाई आवडत, तर कशाला?" मी म्हटलं, माकडं येतात. माधवनगरात माकड मी शेवटचं सर्कशीत बघितलं होतं. आणि मी एक नव्या पद्धतीचं कुलूप आणून बसवलं, दार लोटलं की आपोआप तिन्ही हूक बसणारं. खाचांना आतून पत्र्याची झाकणं केली. कापड काय, हवा शिरली नसती.

आपानं ते बघितलं आणि फक्त विचारलं, "आतनं उघडतंय न्हवं कवाबी?"

"आपा, तू मनात आणलंस तरी उघडंल."

एप्रिलात मी कोरेगावला एका निवृत्त फौजीकडं गेलो. त्याच्या सहा खिडक्यांची हँडलं एका वेळी ढिली झाली होती. बायको माहेरी मिरजेला. दुपारी आपा नमाजाला खोलीत गेली, दार लोटलं, हूक बसले. उन्हानं दार फुगलेलं. नमाज उरकून तिनं हँडल दाबलं, आणि गिअरचे दात गेले. त्यात लाईट गेली, पंखा बंद. ती हाका मारत होती आणि चार हातांवर शेजारीण पापड वाळत घालत होती. तिला काही ऐकू गेलं नाही. दार माझं होतं ना.

मग तिनं मला फोन केला. मी शिडीवर होतो.

"हँडल नुस्तं फिरतंय रं."

"भिऊ नको, आलोच."

हा आमच्या धंद्यातला शब्द. गिऱ्हाइकाचा फोन आला की माणूस घरी जेवत असला तरी म्हणतो, आलोच. निघालोय म्हणजे अजून चप्पल सापडायची आहे. पोचलोच म्हणजे निघालोय. गिऱ्हाइकाला हे माहीत असतं आणि तो त्या हिशेबानं थांबतो. आपा माझी गिऱ्हाईक नव्हती.

मी लगेच निघालो का? नाही. शेवटच्या खिडकीचे दोन स्क्रू राहिले होते. दोन स्क्रूंना किती वेळ लागतो? वीस मिनिटं लागली. फौजी म्हणाला, "मिस्त्री, घरी काय अडचण हाय का?" मी म्हटलं, "बहीण अडकलीया, पर माझंच कुलूप हाय, मला बघितलं की उघडंल." तो हसला. मी पण हसलो.

रहिमतपुरात असताना फोन आला, मी सांगितलं कराड ओलांडलं. कराडच्या अलीकडं होतो तेव्हा सांगितलं, इस्लामपूर. तिला धीर यावा म्हणून. खरंच त्यासाठीच. बायकोलाही फोन लावला होता, ती मिरजेहून रिक्षानं आली. आली ती शेजाऱ्याला घेऊनच. शेजाऱ्यानं पहार उचलली.

बायको फोनवर म्हणाली, "काच फोडतो आमी. आपा घामानं भिजल्यात, आतनं दिसतंय."

आणि मी म्हणालो, "काचेला हात लावू नका. मी आष्ट्यात पोचलोय. पाच मिनिटं."

मी इस्लामपुरात चौकात अडकलो होतो. आष्टा अजून पुढं, आणि आष्ट्यापासून माधवनगर आणखी पुढं. पण ती निळी काच एकदा फुटली की तशी परत मिळत नाही, आणि लॉकवाल्याच्या घरचं दार पहारीनं फोडलं ही गोष्ट माधवनगरात माझ्या पोरांच्या पोरांनी ऐकली असती. शेजाऱ्यानं पहार खाली ठेवली. बायकोनं काचेतून बोटानं खूण केली, पाच. आपाला आवाज जात नव्हता, बोटं दिसली. मग मी तिलाही फोन लावून तेच सांगितलं, आष्टा.

मी पोचलो ते पाऊण तासानं. पातळ पोलादी पट्टी फटीत घातली आणि तिन्ही हूक एकेक करून मागं सारले. दोन मिनिटांचं काम. दार उघडलं, तर आपा दारातच उभी. हँडल धरून. तिच्या मुठीत हँडल असं होतं की बायकोला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

ओट्यावर बसवून पाणी दिलं. ती अर्धा तांब्या प्यायली, मग माझ्याकडं बघितलं.

"आष्टा लय लांब सरकलं का रं?"

मला वाटलं थट्टा करतेय, म्हणून मी चालू झालो, आष्ट्याला बैलबाजार, म्हशी रस्त्यात झोपलेल्या, त्यातली एक उठेचना. आपानं सगळं ऐकून घेतलं. म्हैस कुठल्या रंगाची ते विचारलं नाही. 

मग म्हणाली, "रस्त्यानं ट्रक गेला एक. काच हलली. मला वाटलं जमीन हाय. तू आष्टा म्हनलास तवा मी उठून उभी राहिले, येईल आता म्हणून. उभीच हुते."

बायको उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते कुलूप मुळासकट काढलं. हूक काढले, गिअर काढला, खाचा बुजवल्या. दाराला नुसतं एक लोहचुंबक ठेवलं, करंगळीनं उघडावं असं. तिला हात धरून दाखवलं. तिनं करंगळी लावली, दार उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं.

"झालं, आता जन्मात कुलूप न्हाई बसवायचो ह्याला," मी म्हटलं. "आईची आण."

"बसवशील रं," आपा म्हणाली. रागानं नव्हे. "तुझा हातच त्यो हाय. आज न्हाई तर दिवाळीला कोन तरी येईल बघाया, तवा बसवशील."

मी आयुष्यात शपथेवर एवढं खरं कधी बोललो नव्हतो. पण माझ्याकडं खरं बोलायला वेगळा आवाजच नाही. हत्ती, कलेक्टर, आष्टा, सगळं मी ह्याच तोंडानं सांगितलं होतं. ती त्या दिवसापासून परड्यात बाज टाकून झोपायला लागली. खोलीत फक्त कपडे बदलायला जायची, तेही दारात बायकोला उभी करून. महिन्याभरानं म्हणाली, मला घरला सोड.

व्हॅननं सोडायला गेलो. घाटात प्रत्येक वळणावर मी म्हणत होतो, आपा, अजून फिरू या माघारी. ती म्हणायची, "पुढं बघ, दरी हाय." तिच्या घराचं दार लोटलेलंच होतं. एवढे महिने. आत कुणी काही नेलं नव्हतं, नेण्यासारखं काही नव्हतंच म्हणा. तिनं सामान ठेवलं, केर काढला, मला पाहुण्याच्या कपात चहा दिला. कान असलेला, फुलांचा कप. त्या घरात मी आजवर पितळीतनं चहा प्यायलो होतो.

तेव्हापासून दर शुक्रवारी फोन करतो. ती बोलते. ऊन-पाऊस, गुडघे, शेजारच्या म्हशीचं वासरू. पण मी काही सांगायला लागलो की म्हणते, "खरं का?" आधी कधी विचारायची नाही. आणि मी खरं आहे म्हटलं की म्हणते, "बरं." हे "बरं" ऐकण्यापेक्षा बापाचा पट्टा परवडला.

गिऱ्हाइकांत अजून थापा मारतो. पण आधी सांगून बघायला कुणी नाही, त्यामुळं कुठली चालेल कळत नाही. परवा एका बंगल्यात निम्म्यात विसरलो.

आणि आता डोळा. स्क्रूची खाच मला आधी धुरकट दिसायला लागली, मग दिसेनाशी झाली. मिरजेच्या डॉक्टरनं दिवा मारून बघितलं आणि सांगितलं, उजव्या डोळ्याची नस वाळत चाललीय, गेलं ते परत यायचं नाही, राहिलेलं सांभाळा. कागदावर लिहून दिलं. मला भीती वाटली हे खरं. पण त्याच्या पायऱ्या उतरताना मनात दुसरंच आलं, सांगायला लाज वाटते. मनात आलं की आता आपा येईल. लहान भावाला दिसत नाही म्हटल्यावर ती कशी राहील तिकडं?

कागद शर्टाच्या खिशात घालून कोयनेला गेलो. बायको म्हणाली, एसटीनं जावा, म्हणून एसटीनं. आपा अंगणात नाचणी निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, आत जाऊन चहा केला, तोच फुलांचा कप, आणि समोर बसली. मी थट्टेचा शब्द काढला नाही. वाटेत घाटभर पाठ करत आलो होतो.

"आपा, उजव्या डोळ्याची नस वाळत चाललीया. डॉक्टरनं सांगितलंय. स्क्रूची खाच दिसत न्हाई मला. काम सुटणार. तू घरी चल. मला एकट्याला भ्या वाटतंय."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या ओठाचा कोपरा हलला. मग ती हसली. आधी हळू, मग पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, तेच जुनं, भाकरी करपवणारं हसू. एप्रिलपासून मी ते ऐकलं नव्हतं.

"लॉकवाल्याला खाच दिसंना," ती म्हणाली. "आरं, मला न्यायला आता डोळं काढलंस व्हय?"

माझा हात खिशावर गेला. कागद हाताला लागला. आपाच्या डोळ्यांत हसून पाणी आलं होतं आणि ती वाट बघत होती, मी पुढं काय म्हणतोय त्याची. पुढं झुकून. लहानपणी चुलीपुढं झुकायची तशी.

मी हात खाली घेतला.

"व्हय तर," मी म्हटलं. "आनि डाव्यानं सगळं दोन-दोन दिसतंय. काल बायका दोन दिसल्या, परड्याची भिंत चढून पळालो."

"आनि त्या?"

"दोघी मिळून शिव्या देत हुत्या."

ती हसून बाजूला कलंडली. कप उजव्या बाजूला ठेवला होता. मी हात नेला तो कपापाशी पोचला नाही, मग चाचपत चाचपत कान सापडला. तिला वाटलं मी आंधळ्याचं सोंग करतोय, आणि ती आणखी हसायला लागली.